मम्मीच्या ओव्हनची तपासणी

“पोरगी त्या कामाला लागल्यापास्नं घरात कशाला हात लावायची सोय न्हाई राहिली!” आत्या कुंपणापलीकडच्या काकूंना सांगत होती. मी खिडकीच्या आतच होते. हळू बोलणं आमच्या आत्याला माहीत नाही.

तिचं खरं होतं. नागापूर एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी ट्रेनी होते. इस्त्री, गिझर, मिक्सर बाजारात जाण्याआधी आम्ही त्यांचा रीतसर छळ करायचो. जादा व्होल्टेज द्यायचं, पाणी शिंपडायचं, धातूचं एक खोटं बोट प्रत्येक फटीत घालून पाहायचं. वस्तू टिकली तर प्रमाणपत्र. माणसांशी मला धड बोलता येत नाही, पण इस्त्रीला नापास करताना मी जराही लाजत नसे!

घरातली सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे मम्मीचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन. त्याचा दिवा कधीच गेला होता. झाकणाला बोट लावायचं. मुंग्या आल्या तर ओव्हन चालू, नाही आल्या तर लाईट गेलेली. त्यासाठी शेजारी रबरी चपलांचा खास जोड असे. (पाहुण्यांनाही आम्ही तोच आदराने पुढे करायचो.)

चार वर्षांपूर्वी मम्मी नर्स म्हणून मस्कतला गेली. दर नाताळात केकच्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करायची आणि केक ओव्हनमध्ये जाताना बघायची. यंदा तिचा करार संपत होता. नव्या करारावर सही करायची की नाही, ते याच कॉलवर ठरणार होतं. पप्पा म्हणाले, “तिचं तिला ठरवू दे.” आत्या म्हणाली, “नोकरी लई चांगली हाय.” मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची मला सवय नाही. म्हणून मी ओव्हनला तीन पिनांची वायर लावली आणि इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डावर एक स्विच बसवून घेतला. कुठे करंट गळला की तो अख्ख्या घराची वीज तोडतो. (माझी माया ही अशी!)

“दिसतंय का गं वयनी?” आत्याने केकचं भांडं फोनसमोर नाचवलं.

“दिसतंय ताई! बेदाणे किती घातलेत!”

पप्पांनी ओव्हन लावला. खट्! वीज गेली, वायफाय गेलं, मम्मी गेली. (आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही.)

मी स्विच वर केला. मम्मी आली. “तर त्या सहीचं मी म्हणत होते...”

“थांब गं, आधी केक बघ!” पप्पांनी पुन्हा ओव्हन लावला. खट्!

“बिघडलाय तुझा स्विच,” पप्पा ओव्हनजवळूनच म्हणाले.

“बिघडलेला नाही पप्पा. ओव्हनमधून करंट गळतोय. स्विच बरोबर काम करतोय.”

“मग त्याला सांग, आजचा दिवस जरा कमी बरोबर कर!”

तिसऱ्यांदा आत्याने रबरी चपला घालून, डोळे मिटून, प्रार्थना करून बटण दाबलं. खट्!

“काढ त्यो स्विच! इतकी वर्सं त्यो ओव्हन वापरला, कुनी मेलं का?”

“आत्या, नाही काढणार.” हे मी म्हणाले होते! पप्पांनी वळून पाहिलं. मी ओव्हनची वायर काढली आणि ओव्हनच पोटाशी धरून उभी राहिले, म्हणजे कोणी पळवायला नको.

पप्पांनी स्विच वर केला. वीज आली, मम्मीही आली. सुट्टीची शेवटची पाच मिनिटं उरली होती.

“गेला का केक आत?”

पप्पा छताकडे बघू लागले. आत्याने केकचं भांडं पदराखाली लपवलं.

“गेलाच असणार,” मम्मी स्वतःशीच हसली. “जमतं तुम्हाला माझ्याशिवाय. मग करते सही?”

मी मनात इंग्रजीत दोन परिच्छेद तयार ठेवले होते. त्यातलं एक अक्षर आठवेना. हातातला ओव्हन तेवढा जड होत चालला होता.

“मम्मी, नको करूस सही,” मी म्हणाले. “ओव्हन नापास आहे, केक कच्चा आहे, आणि हे दोन्ही मीच केलंय. फोनवरून रागावून भागणार नाही. तू घरी ये!”