अण्णा, तिथं झिरो घाला!

आमचं ऑफिस हुबळीजवळ रायापूरला. काम मात्र कोळशाच्या खाणींचं. आता आमच्या जिल्ह्यात कोळसा औषधालाही नाही! तो सगळा लांब, चंद्रपूरकडं. आम्ही इथं बसून कॉम्प्युटरवर त्याचे थर काढतो आणि खड्डा कुठून खणायचा ते आखतो. खाण न बघितलेली माणसं खाण आखायला बसली की किस्से साठायला वेळ लागत नाही. त्यातले निम्मे अण्णांचे. उरलेल्यांत फजिती माझी!

अण्णा देसाई सरकारी खात्यातून रिटायर झालेले भूगर्भतज्ज्ञ. तीस वर्षं रानात तंबू ठोकून बोअर मारून घेतलेला माणूस. मालकांनी त्यांना बोलावून घेतलं, पण अट घातली. तीन महिन्यांत सॉफ्टवेअर शिकायचं, परीक्षा द्यायची. पास झालात तर रिपोर्टवर सही तुमची, नाहीतर घरी बसायचं.

अण्णा म्हणाले, "घरी बसायला मला येत नाही. ते शिकवणारं सॉफ्टवेअर निघालं तर सांगा!"

आम्ही हसलो. अण्णा हसले नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

*

शिकवायला सहना होती. हुबळीची पोरगी, वय सव्वीस, मराठीलाही कानडी 'री' जोडणारी. पहिल्या दिवशी अण्णांनी माऊस असा काही फिरवला की अख्खी खाण उलटी झाली.

"अण्णा, तुम्ही जमिनीच्या खालून बघताय री!"

"असू दे की! जन्मभर वरनं बघून अंदाज केला. आता जरा खालनंही बघतो."

आणि खरंच पाच मिनिटं बघत बसले. मालकांनी दारातून विचारलं, "कसं काय?" सहना म्हणाली, "शिकतील हळूहळू!"

*

आता माझी फजिती. उंची दहापट ताणून दाखवायची सोय असते, ती मी चालूच ठेवली आणि मालकांना सांगून बसले, "सर, थर फार उभे आहेत, खणणं अवघड!"

अण्णांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी माझ्यासमोर धरून किंचित तिरपी केली. "थर असा असतो. तू त्याचं भजं केलंयस!"

ती भाकरी मग त्यांनी मलाच खायला लावली.

*

कोळशाच्या वर जे काही असेल त्याला सॉफ्टवेअर 'वेस्ट' म्हणतं. मुरूम, खडक, माती, सगळं वेस्ट. अण्णांनी सगळ्यात वरच्या थरावर बोट ठेवलं.

"हेही वेस्ट?"

"होय री."

"आमच्या गावी याला शेत म्हणतात."

त्या दिवशी सहनानं चहा होईपर्यंत पुढचा धडा सुरू केला नाही. तिच्या आजोळीही शेत आहे.

*

आता परीक्षेचं.

बोअर मारताना खडकाची लांब गोल कांडी वर येते, तिला कोअर म्हणतात. ती पेटीत क्रमानं मांडून ठेवतात. कोळसा मऊ असेल तर पाण्याबरोबर वाहून जातो आणि पेटीत तेवढी जागा रिकामी राहते. सॉफ्टवेअरला रिकामं चालत नाही. कप्पा कोरा सोडला की लाल ओळ! म्हणून आमची सगळ्यांची सवय एकच, झिरो घालायचा आणि पुढं जायचं.

परीक्षेला जुन्या बोअरांची माहिती दिली होती. मालक शेजारी बसलेले. अण्णा भराभर भरत गेले आणि एका बोअरपाशी थांबले. लाल ओळ आली. पुसली, पुन्हा आली. घड्याळात दहा मिनिटं उरली होती.

सहना हळूच म्हणाली, "अण्णा, तिथं झिरो घाला. पास व्हाल."

"झिरो म्हणजे कोळसा नव्हता. इथं होता. हाताला लागला नाही, एवढंच."

मालक म्हणाले, "देसाई, पेटी रिकामी होती ना? मग पुरावा?"

"हा बोअर माझाच. पाणी काळं येत होतं. डायरीत लिहिलंय, पण डायरी खात्यात जमा आहे."

"म्हणजे पुरावा नाही."

तीन महिने माणूस रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसत होता. अण्णांनी खिशातून फोन काढला आणि स्पीकर लावला. पलीकडं मल्लप्पा, अळणावरकडचा, त्यांच्या बोअरवरचा जुना मजूर.

"मल्लप्पा, चिंचेखालचा बोअर नेनप ऐतेनो?"

"ऐत्री अण्णा! न आठवायला काय झालं?"

"पाणी कसलं येत होतं?"

"काळं की! अर्धा दिवस काळंच. सुट्टीला घरी गेलो तर धोतर बघून बायकोनं उंबऱ्यातच अडवलं. अजून पोराबाळांना सांगते!"

सहना उठली. 'कोअर मिळाला नाही' असा एक वेगळा कोड सॉफ्टवेअरात होता. आम्ही कुणी कधी वापरला नव्हता. तिनं तो शोधला, अण्णांनी टाकला. लाल ओळ गेली आणि चिंचेखाली तुटलेला थर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग झाला.

मालकांनी रिपोर्ट अण्णांपुढं सरकवला आणि वर आपलं पेन ठेवलं.

फोन चालूच होता. मल्लप्पा विचारत होता, "पण अण्णा, इतक्या वर्षांनी हे विचारतंय तरी कोण?"

अण्णांनी पेनाचं टोपण काढलं. "कॉम्प्युटर विचारतोय रे. नवीन आहे. शिकेल हळूहळू!"