अठरा हात आणि आमचे दोन

ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, डोक्यावर केसही परत आले. तरी ‘तू बरी झालीस’ हे शब्द मला कुणी ऐकवले नव्हते. दर तपासणीला डॉक्टर रिपोर्ट पाहायचे आणि म्हणायचे, “सध्या ठीक आहे. सहा महिन्यांनी या.” मी शाळेत शिकवते. पोरांनी असं अर्धवट उत्तर दिलं तर मी गुण कापते. इथे मात्र त्या ‘सध्या’ला माझा जीव टांगलेला होता आणि त्याचा राग मी देवीवर काढत होते. सकाळी दिवा लावायचे, पण तिच्या तसबिरीकडे बघायचे नाही.

‘बरी’ या शब्दापायीच आमच्या घरचा नवसही अडला होता. आम्ही सातपूरला राहतो, पण माझ्या सासूबाई सटाण्याकडच्या, त्यांची अहिराणी अजून सुटलेली नाही. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी त्या वणीच्या सप्तशृंगीला बोलून बसल्या, “डॉक्टर मन्ही सूनले बरी म्हनतीन, त्या दिन तिन्हाच हातना मांडा तुले.” मांडा म्हणजे आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी. ती हातांवरच मोठी करायची. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत परातीएवढा पसरवायचा आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद टाकायचा. आता गंमत बघा. डॉक्टर ‘बरी’ म्हणेनात, आणि माझ्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्यापासून तो हात जड पडलेला, सुजणारा. त्याला चटकासुद्धा लागू द्यायचा नाही अशी सक्त ताकीद. म्हणजे नवस फेडायला शब्दही नाही आणि हातही नाही! खापर माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडलं होतं. सासूबाई अधूनमधून मान वर करून तिकडे बघायच्या. ते बघणं मला लागायचं.

अशात यंदाच्या तपासणीआधी माझी बरगडी दुखायला लागली. डॉक्टरांनी चेहरा न बदलता स्कॅन लिहून दिला, आणि तो न बदललेला चेहराच मी घरी घेऊन आले. पुन्हा सगळं पहिल्यापासून? स्कॅनच्या दिवशी आमचे हे गाडी लावायला गेले होते. मी बाकावर बसले होते, शेजारी डोक्याला फडका बांधलेली एक आजी. बोलण्यावरून सासूबाईंच्याच बागलाणातली वाटली. मी कुणाशी मोकळी होणारी बाई नाही, पण तिने “काय व्हयनं माय?” विचारलं आणि मी दुखण्यापासून नवसापर्यंत सगळं सांगून टाकलं.

आजी खो खो हसली. त्या बाकांवर असं कुणी हसत नसतं, चार माना वळल्या. “माय, तू चालस, बोलस, शाळाबी शिकाडस. आनखी बरं व्हवानं काय ऱ्हायनं? देवी काय डॉक्टरना कागद वाचस का?” आणि वर म्हणते, “मांडा करशी तं माले एक ठेव.” तेवढ्यात तिला आत बोलावलं, मग मला. मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

घरी पोहोचताच मी यांना म्हटलं, “आज खापर काढा.” हे म्हणाले, “अगं, रिपोर्ट येऊ दे, मग बघू.” मी म्हटलं, “रिपोर्ट डॉक्टरांना हवाय. देवीने मागितलाय का?” सासूबाई हे ऐकून डाळ निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर तीन विटांची चूल मांडली. पहिला मांडा माझ्या उजव्या हातावरून डाव्याकडे गेला आणि फाटला. दुसराही फाटला. मला रडू कोसळलं, अगदी हुंदके देऊन. तेव्हा सासूबाई माझ्या डाव्या बाजूला येऊन खेटून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला डावा हात पुढे केला. “देवीले अठरा हात शेतस. आपला दोन पुरतीन.” मग माझा उजवा आणि त्यांचा डावा, असा एकच मांडा झुलायला लागला. आधी आमचा मेळ बसेना, एकमेकींना हसलो, मग बसला. पोळी पातळ होत होत पलीकडचं ऊन दिसायला लागलं. खापराजवळ त्यांचा हात गेला, माझा लांबच राहिला. हे जिन्यात उभे राहून डोळे पुसत होते आणि धूर लागला म्हणत होते.

मांडे घेऊन वणीच्या गडावर गेलो. शेंदूर ल्यालेली, मान किंचित कलती केलेली आई समोर होती. मी किती दिवसांनी तिच्याकडे नीट पाहिलं! मागायचं म्हणून पाठ करून नेलेलं काहीच आठवलं नाही. “आणलेत गं,” एवढंच बोलले आणि नैवेद्याचं पान पुढे केलं. रिपोर्ट अजून यायचा होता, तरी उतरताना माझं अंग हलकं झालं होतं.

रिपोर्ट आला. स्नायूचं दुखणं निघालं, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, “सध्या ठीक आहे. सहा महिन्यांनी या.” या वेळी मी हसले. सगळ्यांचंच ‘सध्या’ असतं, माझं मला कळलं एवढंच. मी म्हटलं, “येईन की!”

आजीचा मांडा डब्यात होता. मी सगळे बाक पाहिले, ती कुठेच नव्हती. तिच्या जागेवर एक तरुण बाई फाइल छातीशी धरून बसली होती, डोक्यावर नवाच रुमाल. मी शेजारी बसून डबा उघडला. “प्रसाद घ्या. गडावरचा आहे.” तिने चिमूटभर तोडला, माझ्या केसांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “ताई, तुम्ही बऱ्या झालात?”

“हो,” मी म्हटलं, “बरी झाले.”