गाडी नसलेल्या पुलावर

तळवलीजवळच्या खाडीवरून पूर्वी कारखान्यांची मालगाडी जायची. लाइन कधीच बंद पडली. मागच्या दिवाळीनंतर त्या लोखंडी पुलावर फरशी टाकली, कठडे लावले आणि तो चालणाऱ्यांसाठी खुला झाला.

गंगाराम शिंदे रोज सकाळी तिथं फिरायला जाई. साताऱ्याहून येऊन याच लाइनीवर त्यानं गँगमन म्हणून उमेदीची वर्षं काढली होती. पलीकडच्या गावातल्या कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन रुळांखालच्या स्लीपरवरून पूल ओलांडून यायच्या. हा शिट्टी फुंकून त्यांना अर्ध्यातून माघारी पाठवायचा. गाडीची वेळ नसली तरी पाठवायचा. बाया निमूट वळायच्या, त्याचं त्याला बरं वाटायचं.

एका सकाळी तो आपल्याच नादात चालला होता. लांब स्टेशनाकडून लोकलचा भोंगा आला, आणि समोर पुलाच्या मधोमध पाय पसरून बसलेली म्हातारी कोळीण दिसली. गंगाराम ओरडला, "ए बाई, ऊठ! गाडी येतेय, दिसत नाही? चल, मागं हो!"

म्हातारी दचकून उठली. कठडा धरत, पदर सावरत आल्या वाटेनं लगबगीनं निघाली. फिरायला आलेली माणसं हसली. म्हातारीची नात अस्मिता मात्र तडकली.

"काका, इथं कसली गाडी? आणि माझ्या आजीशी असं बोलता?"

लोक हसले त्याचं गंगारामला काही नाही. म्हातारी काही न विचारता उठली, ते त्याच्या जिवाला लागलं.

त्यानं पुलावर जाणंच सोडलं. बायकोनं, प्रेमलानं, विचारलं, "पाय दुखतायत का?"

"पाय नाही गं. तोंड दाखवायची लाज वाटते." त्यानं सगळं सांगितलं. जुनंही.

प्रेमला म्हणाली, "मग मला काय सांगताय? त्या बाईला सांगा."

दुसऱ्या दिवशी तो गेला. ती म्हातारी, गोजराबाई, तिथंच बसली होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"मावशी, त्या दिवशी मीच ओरडलो. पूर्वी तुम्हाला इथून हाकलायचो तोही मीच. उगाच हाकलायचो. चुकलं माझं."

गोजराबाईनं डोळे बारीक करून त्याच्याकडं पाहिलं.

"आमाला लय जनांनी हाकलला, बाला. त्यातला तू कनचा, मना नाय आठवत."

आणि तिनं सरकून त्याला जागा दिली. गंगाराम बसला खरा, पण मान काही वर झाली नाही.