चाखल्याशिवाय कालवायचं नाही

खांब रोवणाऱ्याला खरं काम थोडंच असतं. खड्डा खणायचा, खांब उभा करायचा, बुडात चुना, खडी आणि विटांचा चुरा ओतायचा. रेल्वेचा साहेब त्याला काँक्रीट म्हणे, आम्ही म्हणायचो कालवण. मग ते कालवण घट्ट होईपर्यंत नुसतं बसून राहायचं! चार माणसं एका जागी बसली की तोंडं चालणारच. ठाणं ते कल्याण, आगगाडीच्या कडेचं तारेचं कुंपण आमच्या गँगने उभं केलं. आज त्यातले निम्मे खांब गंजून पडलेत. किस्से मात्र मेले जागचे हलत नाहीत.

•

आमचा मुकादम बाळाराम, कोपर गावचा. आजूबाजूला सगळी खाजणं आणि मिठागरं, म्हणजे पाणी खारं. खाऱ्या पाण्यात कालवलेला चुना धड धरत नाही, असं मुकादमाचं पक्कं मत. म्हणून हंडा आला की आधी तो स्वतः घोट घेणार, तोंडात घोळवणार, थुंकणार आणि मग म्हणणार, "गोडं हाय. कालवा!"

पाणी आणायचं काम गणूचं. गणू बाळकुमचा, मुकादमाचा लहानपणापासूनचा दोस्त. आम्ही सगळे 'मुकादम' म्हणायचो, गणू एकटा 'बाळा' म्हणायचा.

गणूच्या लेकीची आणि मुकादमाच्या मुलाची लग्नाची सुपारी फुटली, तेव्हा आम्ही सगळे बाळकुमला गेलेलो. विहिणीने मोठ्या मानाने पाण्याचा तांब्या पुढे केला. मुकादमाने घोट घेतला, घोळवला, अंगणात पचकन थुंकला आणि म्हणाला, "कालवा!"

विहीणबाईंचा चेहरा असा झाला! गणू हसून हसून ओटीवर आडवा.

•

कोपरजवळ एक खांब रोवला आणि आम्ही जेवायला बसलो. परत येऊन बघतो तर खांबाला हळदकुंकू! गावातली एक म्हातारी पुढ्यात नारळ फोडून हात जोडून उभी.

"आजी, हा कुंपणाचा खांब हाय. याला तार बांधायची हाय!" मुकादम ओरडला.

"बांध की," म्हातारी म्हणाली. "वहाणा काढून बांध."

अख्ख्या गँगमध्ये वहाणा एकट्या मुकादमाला होत्या. गुपचूप काढल्यान् त्याने!

•

गणूची तऱ्हाच निराळी. ओल्या कालवणातला खांब गाडीच्या धक्क्याने हलेल म्हणून तो गाडी आली की खांबाला मिठी मारून उभा राहायचा. मुकादम म्हणायचा, "अरे येड्या, टेकू लावलेत ना?" पण गणू ऐकेल तर शपथ! एकदा तर ड्रायव्हरला ओरडून सांगतोय, "अरे, आत्ताच झोपलाय तो! गाडी हलू ने जरा!"

त्या ड्रायव्हरने काय समजून शिटी दिली कुणास ठाऊक. गणूने त्याला जी शिवी हासडली, ती इथे सांगता येत नाही.

इतका जीव लावणारा माणूस हो. त्याच्यावर आळ यावा?

•

झालं असं. कोपरलाच काम चालू असताना एकदा मुकादमाची दाढ ठणकत होती. गालात लवंग धरून बसलेला. गणूने हंडा आणला, तर हातानेच खूण केली, कालवा म्हणून. त्या दिवशी पाणी चाखलंच नाही.

पुढे साहेब ट्रॉलीवरून इन्स्पेक्शनला आला आणि नेमका त्या दिवशी रोवलेलाच खांब कलंडलेला! साहेब सगळ्यांदेखत मुकादमाला नाही नाही ते बोलला. साहेबाची पाठ वळली आणि मुकादम गणूवर घसरला.

"विहिरीपर्यंत जायचा कंटाला आला तुला. खाडीचं पानी ओतलंस!"

गणू म्हणाला, "बाळा, विहिरीचंच होतं रे. पोरीची शपथ."

"खोटं बोलतोस!"

गणूने फावडं खाली ठेवलं आणि चालू लागला. आम्ही हाका मारल्या, पण तो वळून बघेना. दुसऱ्या दिवशी गणूकडून सुपारी मोडल्याचा निरोप आला.

•

पावसाळा गेल्यावर त्याच जागी नवा खांब रोवला. या वेळी पाणी दोनदा चाखून! मुकादम आणि मी बाभळीखाली बसलेलो. तेवढ्यात एक म्हैस आली, खांबाला मान लावली आणि डोळे मिटून अशी काही घासायला लागली की टेकू पडले आणि आमच्यादेखत खांब कलला.

मला हसू फुटलं. "कुणाची रे ही भवानी?"

मुकादम उठून तिचं दावं धरायला धावला. म्हैस त्याचीच होती.

त्याच दिवशी उठून बाळकुमला जायला हवं होतं. मी म्हटलंसुद्धा. पण नाही! "मी मुकादम. मी कसा जाऊ? त्याला कलंल आपसूक." कळेल कसं? म्हैस सांगणार होती? गणूच्या लेकीचं लग्न दुसरीकडे झालं. मुकादमाचा मुलगा कितीतरी दिवस कुणाशी धड बोलत नव्हता. मला आजही हळहळ वाटते.

•

शेवटी गेला. केस पांढरे झाल्यावर, मला सोबत घेऊन. वाटभर पुटपुटत होता, "सांगतो त्याला, म्हैस होती म्हणून. सांगतो."

गणू ओटीवर जाळं विणत बसलेला. उठला, "या" म्हणाला. घोंगडी टाकली. लेकीच्या मुलांची नावं सांगितली. मुकादमाने भाताची चौकशी केली, पावसाची केली; म्हशीचं नाव नाही. भर उन्हातून आलेलो, घशाला कोरड पडलेली.

गणू आत गेला आणि तांब्या भरून घेऊन आला. मुकादमाने हात पुढे केला. गणूने तांब्या दिला, पण सोडला नाही.

"आधी चाखा, मुकादम," तो म्हणाला. "मंग प्या."