म्हाताऱ्याचं मृत्युपत्र आणि सोबेइदाचा वाटा

वर्षाच्या शेवटी आमच्या गल्लीत एक म्हातारा मरतो. अंगात लाकडाचा भुसा, तोंड कागदाच्या लगद्याचं, पँट कुणाची तरी जुनी. दोनचार दिवस तो सोबेइदाच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतो. एकतीस डिसेंबरला त्याला जाळतात. त्याआधी, दिवेलागणीला, त्याचं मृत्युपत्र वाचतात. जाणारं वर्ष कुणाला काय ठेवून जातं ते त्यात असतं, तेही यमकात. आमच्या ग्वायाकिल शहरात गल्लोगल्ली हे चालतं. पण आमचं ऐकायला पलीकडच्या गल्लीतले लोक स्वतःच्या खुर्च्या घेऊन येतात.

मृत्युपत्रात नाव आलं की लोक चार दिवस चिडवतात. नाव आलं नाही तर मात्र माणूस आतून खचतो. बसचालक वॉशिंग्टन एकदा चुकून राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सोबेइदाला अदबीने म्हणाला, "दोन्या सोबे, मी गल्ली सोडून गेलो का? मला कुणी कळवलं नाही."

मृत्युपत्र सोबेइदा लिहिते. वीसेक वर्षं झाली. लोक तिच्याकडे जन्मदाखले आणतात, भाडेकरार आणतात, पोरांच्या गुणपत्रिका आणतात. "मी काही वाचत नाही," ती सांगते. "कागद काचेवर पालथा घालावा लागतो. पालथा घालेपर्यंत जे दिसतं तेवढंच."

नियम एकच आहे. लिहिणाऱ्याने स्वतःचा वाटा स्वतः लिहायचा नाही. सोबेइदाचा वाटा नेहमी समोरची देल्फिना लिहायची. देल्फिना फ्रीजरमधून रंगीत बर्फाच्या कांड्या विकते. तिच्या मुलाला, हाइरोला, बाप्तिस्म्याच्या वेळी सोबेइदानेच हातात धरलं होतं. तेव्हापासून तो तिला मद्रीना म्हणतो, म्हणजे धर्माची आई, आणि त्या दोघी एकमेकींना कोमाद्रे. एका वर्षी देल्फिनाने आपल्या कोमाद्रेला जिराफाची मान ठेवली होती, गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून वाचताना टाचा उंच करायला नकोत म्हणून. सोबेइदा सगळ्यांत जास्त हसली होती.

मग गेलं वर्ष आलं. हाइरोचं लग्न ठरलं होतं. गल्लीने कपडे शिवले होते. आठवडाभर आधी नवरीने निरोप पाठवला की तिचा विचार बदलला. केक तयार होऊन आला होता. बेकरीने तो परत घेतला नाही. सोबेइदाने लिहिलं,

देल्फिनाला ठेवतो मी केक तीन मजली,
केक सजला वेळेवर, नवरी नाही सजली.
फ्रीजरमध्ये थंड आहे, घाई नाही काही,
पुढची सून मिळेपर्यंत नासणार नाही.

गल्ली लोटपोट झाली. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईची खुर्ची मोडली. देल्फिनाही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात आली नाही. तिला झेरॉक्स लागली की ती चार चौक पलीकडच्या दुकानात जायची, भर उन्हात, कागदाची पिशवी डोक्यावर धरून, सोबेइदाच्या दारावरून. परत येतानाही दारावरून.

"एका पानामागे तीन सेंट जास्त घेतो तो," सोबेइदा वॉशिंग्टनला म्हणाली. "आणि शाई फिकी."

"तुमच्यापेक्षा फिकी बरी म्हणत असेल," वॉशिंग्टन म्हणाला.

या डिसेंबरात सोबेइदा लिहायला बसली आणि तिला काहीच सुचेना. ज्याचं नाव लिहावं त्याचं तोंड समोर यायचं. ते तोंड आधी हसायचं आणि मग पिशवी डोक्यावर धरून उन्हात चालू लागायचं. साठीत आलेली बाई, वीस वर्षं लोकांच्या फजितीवर जगलेली. आता तिला नवी कणव फुटली होती आणि ती नेमकी लिहिण्याच्या आड येत होती. तिचं तिलाच हसू आलं.

दुकानातल्या संगणकावर एक बोलका मदतनीस होता. गिऱ्हाइकांचे अर्ज, तक्रारी, नोकरीची पत्रं ती त्याच्याकडून लिहून घ्यायची. तो फार नम्र होता, प्रत्येक गोष्टीची प्रस्तावना करायचा आणि विचारलं त्यापेक्षा जास्त सांगायचा. म्हणून तिने त्याचं नाव पदवीधर ठेवलं होतं. गल्लीतल्या साहित्याच्या पदवीधरांनी याचा राग धरला नाही. धरायला जागा नव्हती.

तिने पदवीधराला गल्ली सांगितली. नावं सांगितली. त्याने क्षणात मृत्युपत्र लिहून दिलं. त्यात वॉशिंग्टन कष्टाळू होता, मासळीवाली प्रेमळ होती आणि सगळ्यांना आरोग्य ठेवलं होतं. यमक एकही चुकलं नव्हतं. तिने ते वॉशिंग्टनला वाचून दाखवलं. तो हिरव्या केळ्याचा गोळा खात उभा होता. त्याने खाणं थांबवलं.

"मी आजारी आहे का?" त्याने विचारलं.

"का रे?"

"एवढं चांगलं माझ्याबद्दल कुणी बोललेलं नाही. डॉक्टर काही म्हणाला का तुम्हाला?"

तिने पदवीधराला सांगितलं, तिखट घाल. त्याने तिखट घातलं. वॉशिंग्टनचं पोट आलं, त्याची खटारा बस आली. ते पोट तिने मनातल्या मनात गल्लीभर फिरवून पाहिलं. अर्ध्या गल्लीला ते बसत होतं. तिलाही बसत होतं.

"हा माणूस कुठल्याही गावचा आहे," तिने यंत्राला सांगितलं. "आमचा वॉशिंग्टन वेगळा. बस थांब्यावर बायको उभी असली की हा थांबत नाही. म्हणतो, वेळापत्रक आहे."

"हे छान आहे," पदवीधराने लिहिलं. "मग तो घरी गेल्यावर काय होतं?"

असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. तो ओळी द्यायचा, ती त्यातली अर्धी फेकायची, उरलेली वाकडी करायची. तो म्हणायचा, हे तुमचं जास्त चांगलं आहे. ते तिला आवडायचं. वॉशिंग्टनला शेवटी एक घंटा मिळाली, उतरायची. ती दाबायचा हक्क त्याच्या बायकोला. मासळीवालीला मिळाला एक खरा तराजू, दिवाणखान्यात शोभेला ठेवण्यासाठी. पाच दिवसांत सगळी गल्ली झाली. सोबेइदा आता "आम्ही लिहिलं" म्हणू लागली होती, राजघराण्यातल्यासारखं.

देल्फिना राहिली होती.

तिने पदवीधराला केकची गोष्ट सांगितली, गेल्या वर्षीचं कडवंही दिलं. वर म्हणाली, "याच्याच वरचढ काहीतरी हवं. पण तिला लागता कामा नये."

"तुमचं कडवं नेमकं आहे," त्याने लिहिलं. "वरचढ लिहिण्याआधी एक विचारू का? ते वाचलं गेलं तेव्हा तिथे कोण कोण उभं होतं?"

"सगळी गल्ली. आणखी कोण असणार? मृत्युपत्र आहे, चर्चमधली कबुली नाही."

"सगळ्या गल्लीत कुणी असं होतं का, ज्याला ते ऐकणं जड गेलं असेल?"

सोबेइदाने संगणक बंद केला. यंत्राला बोलायला येतं म्हणून त्याने घरातलं बोलू नये, असं ती वॉशिंग्टनला म्हणाली. काय घरातलं, असं त्याने विचारलं तेव्हा तिने त्याला दुकानाबाहेर काढलं.

देल्फिनाची जागा रिकामी ठेवून ती पुढच्या वाट्याकडे वळली. पुढचा वाटा तिचा स्वतःचा होता, आणि तो लिहिणारी बाई उन्हात चालत होती. मग नियम मोडायला काय हरकत आहे? लिहिणारी मी नाही, यंत्र आहे. तिने पदवीधराला स्वतःबद्दल सांगितलं. सांगताना ती तिखट घालायला विसरली. त्याने लिहिलं,

सोबेइदाला ठेवतो मी मान आणि माया,
गल्लीवरती धरली तिने प्रेमाची ही छाया.
मन तिचं सोन्याचं, शब्द तिचे मोती,
नम्रतेच्या वाटेवरची तेवणारी ज्योती.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. ते तिला पटलं. तिने जाड कागदावर छापलं, अक्षर मोठं केलं, कोपऱ्यात फूल टाकलं आणि लॅमिनेशनच्या यंत्रातून काढलं. मग गरम कागद हातात घेऊन ती दारात आली. समोर देल्फिना पोरांना कांड्या देत होती. फ्रीजरचं झाकण उघडलं की अजून केकचा तो पांढरा खोका दिसायचा. अर्धा फ्रीजर त्यानेच व्यापला होता. लाल कांड्या ठेवायला जागा नव्हती. वर्षभर पोरं नुसत्या हिरव्या खात होती.

देल्फिनाने तिच्याकडे पाहिलं नाही. हातातला कागद वाऱ्याने वाकलाही नाही. सोबेइदाला वाटलं, ही ज्योती आता मृत्युपत्रात वाचली तर गल्ली हसेल. पण हसताना माझ्याकडे बघणार नाही, कारण त्यात मी नाहीच. हे मी सांगितलेलंच मला परत वाढलं आहे. जिराफाची मान त्या यंत्राला कुठून मिळणार? ती फक्त समोरच्या घरातून दिसते.

ती रस्ता ओलांडून गेली. कागद पाठीमागे धरला होता, शाळेतून चिठ्ठी आणलेल्या पोरीसारखा.

"लाल नाही," देल्फिना म्हणाली. "हिरवीच आहे."

"कोमाद्रे, माझा वाटा कुणी लिहिलेला नाही."

"यंत्र लिहितं ना तुझं. वॉशिंग्टन सगळ्या बसला सांगतो."

"लिहिलंय त्याने."

"मग?"

सोबेइदाने कागद पुढे केला. देल्फिनाने ओले हात ॲप्रनला पुसले, चष्मा लावला. पहिल्या ओळीला तिचं तोंड हललं नाही. मोत्यांपाशी ओठ थरथरले. नम्रतेपाशी ती फ्रीजरवर बसली. मग तिला जे हसू आलं ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. तिने कागदाने डोळे पुसायचा प्रयत्न केला, पण त्यावर प्लास्टिक होतं, त्याने पाणी पुसलं जायचं नाही. त्यावर ती पुन्हा हसली.

"लॅमिनेट केलंस?"

"केलं."

"स्वतःच्या पैशाने?"

"दुकान माझंच आहे."

"ज्योती," देल्फिना म्हणाली आणि पुन्हा बसली.

ती थांबल्यावर सोबेइदा म्हणाली, "गेल्या वर्षीचं तुला फार लागलं."

"मला?" देल्फिनाने चष्मा काढला. "मला काय लागायचंय? चांगलं होतं कडवं. मी बहिणीला फोनवर म्हणून दाखवलं. पण हाइरो माझ्या मागे उभा होता, सोबे. तुझा हाइरो. तू कागदातून मान वर केली नाहीस. बाकीच्या वेळी जिराफ असतेस."

सोबेइदाला पदवीधराचा प्रश्न आठवला. तिने त्याला बंद केलं होतं.

"या वर्षी मला काय ठेवलंस?" देल्फिनाने विचारलं.

"काही नाही. जागा रिकामी आहे."

"रिकामी? मी मेले का?"

"मग काय लिहू?"

"मला नको विचारूस. तो आत आहे, त्याला विचार. आणि हा कागद माझ्याजवळ राहू दे."

हाइरो आत सायकलचं चाक सरळ करत होता. तिने दारात उभं राहून विचारलं. त्याने चाक एकदा फिरवून पाहिलं.

"लिहा, मद्रीना," तो म्हणाला. "पण केक आईच्या नावावर टाकू नका. तो मी निवडला होता. माझ्या नावावर टाका."

एकतीसला दिवेलागणीला खुर्च्या मांडल्या. म्हातारा मधोमध होता. सोबेइदा वाचत गेली. घंटा ऐकून वॉशिंग्टनची बायको उठून उभी राहिली आणि लोकांना नमस्कार केला. मासळीवालीने तराजू घरी पोचवायला सांगितला. देल्फिनाचा वाटा आला तेव्हा सोबेइदाने कागद खाली केला. तोंडपाठ होतं. आधी हाइरोकडे पाहिलं, तो कुठे उभा आहे ते शोधून. मग म्हटलं,

हाइरोला ठेवतो मी मोठा एक चमचा,
केक तुझा, पण वर्षभर फ्रीजर अडला आमचा.
देल्फिनाला ठेवतो मी अर्धी जागा खाली,
भर आता कांड्या त्यात, लालच्या लाल लाली.

शेवटची ओळ ओढूनताणून आणलेली होती. ती पदवीधराची नव्हती, तिची होती. पोरांनी मात्र लाल शब्दावर आरडाओरडा केला. हाइरो हसला. आत जाऊन त्याने तो पांढरा खोका आणला आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. म्हातारा एका बाजूला कलला. वॉशिंग्टन म्हणाला, "हे जळणार नाही. बर्फ आहे."

"मध्यरात्रीपर्यंत वितळेल," हाइरो म्हणाला.

आता लिहिणारीचा वाटा उरला होता. देल्फिना उठली. तिने पदराखालून काढावा तसा ॲप्रनखालून तो कागद काढला. त्यातला एकही शब्द तिने बदलला नव्हता. पाद्र्याच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, तिने तो वाचला. मान आणि माया. प्रेमाची छाया. हसावं की नाही, लोकांना कळत नव्हतं. सोन्याच्या मनापाशी कुणीतरी खोकलं. मोत्यांपाशी मासळीवालीने नवऱ्याचा दंड धरला. नम्रतेनंतर देल्फिना थांबली, कागद उलटा करून लोकांना फूल दाखवलं, मग म्हणाली, "तेवणारी ज्योती."

मग हसण्याने खुर्च्या हलू लागल्या.

"कुणी लिहिलं हे?" वॉशिंग्टनने डोळे पुसत विचारलं.

"तिने आणि तिच्या पदवीधराने," देल्फिना म्हणाली. "दोघांनी मिळून. तिने माहिती दिली."

सोबेइदा सगळ्यांत उशिरा हसली. पण हसली. वीस वर्षांत इतका तिखट वाटा कुणालाच मिळाला नव्हता, आणि तो तिने स्वतः शिजवून, स्वतः लॅमिनेट करून दिला होता.

तो कागद आता दुकानात झेरॉक्सच्या यंत्रावर टांगलेला आहे. देल्फिनाने खिळा स्वतः मारला. गिऱ्हाईक आपला कागद पालथा घालण्याआधी वर बघतं, मग सोबेइदाकडे बघतं, मग पुन्हा वर. एकदा तिने तो उतरवून ठेवला. दुसऱ्याच दिवशी देल्फिना कागदाची पिशवी डोक्यावर धरून दारावरून गेली. चौकापर्यंत पोचायच्या आत सोबेइदाने तो परत टांगला आणि तिला हाक मारली.