गाठीवाले मजीदभाई

जयगडच्या मजीदभाईंना दोराच्या गाठी मारायचा नाद होता. आखाती जहाजांवर खलाशी असताना तो लागला आणि गावी येऊन स्वतःची होडी घेतली तरी सुटला नाही. मुलगी महरीन त्यांचे हात मोबाईलवर टिपून जगभरच्या गाठवेड्यांच्या ग्रुपवर टाकायची. चेहरा नाही, फक्त हात. नॉर्वेतला म्हातारा सुतार, चिलीतला एक कोळी, तुर्कस्तानातला जहाजावरचा आचारी, फिलिपिन्सच्या लोर्नाबाई, सगळे ते हात ओळखायचे. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. गाठ कळली नाही तर समोरचा ती पुन्हा हळू मारून दाखवायचा.

गेल्या हिवाळ्यात, दिवस मावळताना, खाडीच्या तोंडाबाहेर बाहेरगावची एक मोठी लाईटवाली बोट आली. पाण्यावर प्रखर दिवे सोडून मासे गोळा करायच्या अशा मासेमारीला बंदी आहे.

"आमची जाळी आहेत इथे," मजीदभाईंनी ओरडून सांगितलं.

बोट वळली आणि सरळ जाळ्यांवरून आली. दोर ताणला गेला, होडी उलटली. मजीदभाईंनी त्या बोटीचा काठ धरला, तसा वरून तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, कोयता मारला. उजव्या हाताची दोन बोटं तुटून पाण्यात पडली. जोडीदार रामा त्यांना ओढायला गेला, तर त्याच्या तोंडावर लोखंडी पहार बसली. दोघे वाचले. रामाचा एक डोळा गेला.

"जीव राहिला, तेवढं बस झालं," घरी बायको हफीजा म्हणाली.

तक्रार केली, पण बोट सापडेना. महरीनने तो तुटक्या बोटांचा हात ग्रुपवर टाकला. ग्रुपवरच्या चिलीवाल्याने मग स्वतःचा पंजा दाखवला. मशीनने त्याची तीन बोटं नेली होती. उरलेल्या बोटांनी फास कसा टाकायचा, हे त्याने शिकवलं. मजीदभाई रोज अंगणात सराव करू लागले. अब्बा सावरतायत, असं महरीनला वाटलं.

उन्हाळ्यात तो तांडेल जेटीवर चहा पिताना दिसला.

"ओळखलंस?" मजीदभाईंनी विचारलं.

"कोण रे तू?"

फास गळ्यात पडला. मजीदभाईंनी दोर बोट बांधायच्या खुंटाला एक वेढा देऊन अंगाच्या भाराने ओढला. तांडेलाच्या टाचा फरशीवर घासत राहिल्या, तोंड काळंनिळं पडलं. अशा बोटींनी जाळी सगळ्यांचीच फाडली होती. कुणी पुढे आलं नाही. लोकांनी मोबाईल मात्र काढले.

शेवटी रामाच धावला. "सोड मजीद, मरतोय तो," म्हणत त्याने सुरीने दोर कापला. तांडेल रक्त ओकत आडवा झाला.

तो व्हिडिओ फिरत फिरत तुर्कस्तानच्या आचाऱ्याकडे पोचला, त्याने ग्रुपवर टाकला. तो हात सगळ्यांनी ओळखला. मजीदभाई जामिनावर सुटून आल्यावर महरीनने एकेकाचं लिहिलेलं मोबाईलवर मराठीत करून वाचून दाखवलं. नॉर्वेच्या सुताराने लिहिलं होतं, बरं केलंस. चिलीवाल्याने, ही गाठ माझी आहे, एवढंच.

लोर्नाबाईंनी लिहिलं होतं: "माझ्या नवऱ्याला बोटीवरच्या भांडणात असंच दोराने गळा आवळून मारलं. हे हात मला आवडायचे." मग त्या ग्रुप सोडून गेल्या.

"पुन्हा वाच," मजीदभाई म्हणाले. महरीनने वाचलं. ते उठून परसात गेले आणि जेवायला आले नाहीत.

आता दोन्ही बाजूंच्या केसेस रत्नागिरीच्या कोर्टात चालू आहेत. तांडेलाचा आवाज गेला तो गेलाच, नुसता घोगरा श्वास येतो. मागच्या तारखेला तो बाहेरच्या बाकावर बसून पाणी मागत होता. गर्दीत कुणाला ऐकू गेलं नाही. शेजारच्या बाकावरच्या मजीदभाईंना गेलं. ते बसून राहिले.