माझ्या भावाचे एक मत

माझा धाकटा भाऊ जन्मापासून मंदबुद्धी. हा डॉक्टरांचा शब्द. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत त्याच्यासाठी आणखीही शब्द होते. त्याला हिशेब येत नाही, घड्याळ अर्धवट कळते. पण विधानसभेच्या त्या निवडणुकीत दारी आलेल्यांपैकी कोणता उमेदवार त्याच्याशी बोलला आणि कोणता त्याला ओलांडून माझ्याशी, हे त्याने पक्के लक्षात ठेवले होते. दोघांची चिन्हेही त्याला माहीत होती.

मतदार यादीत त्याचे नाव होते. शाळेतल्या मतदान केंद्रावर आम्ही रांगेत उभे राहिलो. आत एका पक्षाचे प्रतिनिधी म्हणून आमच्याच वरच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी बसले होते. हे गृहस्थ गावाला जाताना घराची किल्ली माझ्या भावाकडे देत. कुंड्यांना पाणी, मांजरीचे खाणे, सगळे तो बघायचा.

त्याला पाहून ते अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, एने शुं खबर पडे? याला काय कळतं? मोठा भाऊ सांगेल ते बटण दाबेल."

अधिकाऱ्याने भावाला विचारले, "राष्ट्रपती कोण आहेत, सांग."

मीच मध्ये म्हणालो, "आमच्या पुढच्या बाईंना हे विचारलंत का? मागच्यांना विचारणार आहात?"

"मला नका विचारू बुवा," मागून कोणी म्हणाले, आणि रांग हसली. मला हसू आले नाही. मी अधिकाऱ्याला म्हणालो,

"कोर्टाने वेडा ठरवला तरच माणसाचं मत जातं. तसा कागद असेल तर दाखवा. नसेल तर मतदान नाकारल्याचं लेखी द्या."

लेखी म्हणताच अधिकाऱ्याचा आवाज खाली आला. "तापू नका. असं करा, तुम्हीच आत जाऊन त्याचं बटण दाबून टाका. रांग मोठी आहे."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मला दोन मते द्यायला यांची तयारी होती, त्याला एक द्यायला नव्हती. आणि त्याचे मत मी ठरवीन म्हणून हरकत घेणारे शेजारीच आता मान डोलावत होते.

भाऊ म्हणाला, "दादा, तू इथेच थांब."

तो पुठ्ठ्याआड गेला. बराच वेळ काहीच झाले नाही. मग यंत्राचा लांब आवाज आला आणि तो बाहेर आला. मत कोणाला दिले, ते मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

त्याच आठवड्यात शेजारी किल्ली घेऊन आले. सुरतेला लग्न होते. मी दारातच म्हणालो, "ज्याला बटण दाबायची अक्कल नाही, त्याच्या हाती घर कसं सोपवता?"

"अरे मोटाभाई, ए तो राजकारण," ते हसले.

भावाने हात पुढे केला. बोटावर शाई अजून होती. "द्या काका. मांजर उपाशी राहील."

किल्ली त्याने घेतली. ते त्याचे त्याने ठरवले. मी मात्र त्या गृहस्थांना आत या म्हटले नाही. आजही म्हणत नाही.